क्लायंटचा ‘नमस्कार’ सर्व्हरपर्यंत कसा पोचतो: आरपीसीमधलं स्ट्रिंगचं रूपांतर

रिमोट प्रोसिजर कॉल, म्हणजे आरपीसी, ही सगळी एका सोयीची गोष्ट आहे: दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन आपल्याच प्रोग्रॅममध्ये असल्यासारखं बोलावायचं. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी झेरॉक्स पार्कमधल्या कामावरचा निबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून मूळ मांडणी फारशी बदललेली नाही. क्लायंटकडे एक स्टब, म्हणजे मध्यस्थी करणारा छोटा कोड, सर्व्हरकडे एक स्टब. क्लायंटचा स्टब पॅरामीटर घेऊन त्यांची बाइटांची सलग रांग बनवतो, ती वायरवरून जाते, आणि पलीकडचा स्टब ती उलगडून खऱ्या फंक्शनच्या हाती देतो. या बांधाबांधीला मार्शलिंग म्हणतात.

पूर्णांक बांधणं सोपं असतं. चार बाइट, आणि त्यात मोठा बाइट आधी की धाकटा, एवढं ठरलं की काम झालं. स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, बाबतीत दोन्ही बाजूंची समजूतच वेगळी असू शकते. सी भाषेत स्ट्रिंग म्हणजे शून्य येईपर्यंतचे बाइट. जावा, सी-शार्प आणि जावास्क्रिप्टमध्ये ती यूटीएफ-१६ च्या सोळा-बिटी घटकांची मालिका असते. (यूटीएफ-१६ आणि यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर बाइटांत लिहिण्याच्या दोन पद्धती.) रस्टमध्ये ती नेहमी वैध यूटीएफ-८ असते. गो या भाषेत ती यूटीएफ-८ असेल असं आपण धरून चालतो, पण भाषा तशी सक्ती करत नाही, आणि हा फरक पुढे महागात पडतो. विंडोजच्या कॉममधली (प्रोग्रॅमांचे भाग एकमेकांना जोडण्याच्या पद्धतीतली) बीएसटीआर ही स्ट्रिंग म्हणजे मजकुराच्या आधी चार बाइटांत लांबी, मग यूटीएफ-१६, आणि शेवटी शून्यही. मेनफ्रेमवर ईबीसीडिक हा जुना, वेगळाच अक्षरसंच चालतो. तिथे इंग्रजीतला मोठा ‘ए’ ६५ नसतो, १९३ असतो.

म्हणून वायरवर स्ट्रिंग टाकण्याआधी काही गोष्टींचा निकाल लागायलाच हवा: एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट करण्याची पद्धत) कुठलं, लांबी कशात मोजली, शेवटचं शून्य त्या लांबीत धरलं की नाही, आणि रूपांतर कुणी करायचं. प्रत्येक आरपीसी प्रणालीने याची वेगळी उत्तरं दिली आहेत. दोन्ही बाजूंची उत्तरं जुळली नाहीत तरी बहुतेक वेळा प्रोग्रॅम कोसळत नाही, नुसता मजकूर बिघडतो. आणि तोही इंग्रजी सोडून बाकीच्या भाषांचा, त्यामुळे चाचणीत काही दिसत नाही.

एक शब्द, चार लांब्या

‘नमस्कार’ हाच शब्द घेऊ. डोळ्याला दिसणारी अक्षरं चार: न, म, स्का, र. युनिकोडचे कोड पॉइंट, म्हणजे क्रमांक दिलेली सुटी चिन्हं, सात: न, म, स, हलन्त, क, काना, र. यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे १४. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला तीन बाइट, म्हणजे २१. ‘लांबी किती?’ या प्रश्नाला ४, ७, १४ आणि २१ ही चारही उत्तरं बरोबर आहेत. क्लायंटने सात म्हणून पाठवलं आणि सर्व्हरने सात बाइट वाचले, तर हाती येतो ‘नम’ आणि एक सुटा बाइट.

खालचे आकडे दशमान आहेत. नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणाऱ्या वायरशार्कसारख्या टूलमध्ये तेच षोडशमानात दिसतात: २२४ म्हणजे ‘ई०’, १६४ म्हणजे ‘ए४’, १६५ म्हणजे ‘ए५’. यूटीएफ-८ मध्ये हा शब्द सुरू होतो २२४ १६४ १६८ (न), २२४ १६४ १७४ (म), २२४ १६४ १८४ (स), २२४ १६५ १४१ (हलन्त) असा. दर तिसऱ्या बाइटाला २२४ आणि त्याच्या मागे १६४ किंवा १६५ दिसलं, की तो देवनागरी यूटीएफ-८ आहे हे डंप बघताक्षणी कळतं. विंडोजवरच्या यूटीएफ-१६ मध्ये धाकटा बाइट आधी येतो, म्हणून तोच शब्द ४० ९, ४६ ९, ५६ ९, ७७ ९, २१ ९, ६२ ९, ४८ ९ असा दिसतो. एक आड एक नऊ. या दोन खुणा डोळ्यांत बसल्या की निम्मं डीबगिंग पॅकेटकडे बघूनच होतं.

आता हाच शब्द तीन प्रणालींच्या वायरवर बघू.

सन मायक्रोसिस्टिम्सच्या आरपीसीत एक्सडीआर नावाचं स्वरूप वापरतात. एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरण्याची प्रणाली, त्याच्यावरच चालते. नियम साधा आहे: चार बाइटांत लांबी, मोठा बाइट आधी, मग मजकुराचे बाइट, मग एकूण चारच्या पटीत येईपर्यंत शून्यं. लांबी बाइटांत मोजतात आणि शेवटचं शून्य त्यात नसतं. आपला शब्द: ० ० ० २१, पुढे २१ बाइट, पुढे भरतीची तीन शून्यं. एकूण २८. एक्सडीआरच्या मानकात स्ट्रिंग म्हणजे ॲस्की (इंग्रजीपुरत्या, १२७ पर्यंतच्या अक्षरसंचाचे) बाइट असं लिहिलंय, पण प्रत्यक्षात ते बाइट कुणी तपासत नाही. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने म्हणूनच आपला यूटीएफ-८ मजकूर एक्सडीआरच्या ‘स्ट्रिंग’मध्ये न ठेवता अर्थहीन बाइटांच्या प्रकारात ठेवला आणि अर्थ स्वतः ठरवला.

मायक्रोसॉफ्टची आरपीसी डीसीई या सामायिक मानकाच्या आरपीसीतून आली. तिचं वायर-स्वरूप एनडीआर. तिथे ‘स्ट्रिंग’ अशी खूण केलेल्या रुंद अक्षरांच्या पॅरामीटरसाठी आधी तीन आकडे जातात: जास्तीत जास्त संख्या, सुरुवातीचं अंतर, आणि प्रत्यक्ष संख्या. प्रत्येकी चार बाइट. संख्या बाइटांची नाही, घटकांची असते, आणि शेवटचं शून्य तीत धरलेलं असतं. म्हणून आपल्या शब्दासाठी ८, ०, ८ आणि मग १६ बाइट. एकूण पुन्हा २८. ६४-बिटी एनडीआरमध्ये ते तीन आकडे आठ-आठ बाइटांचे होतात आणि एकूण ४० भरतात.

जीआरपीसी (गूगलची आरपीसी) आणि प्रोटोबफमध्ये (तिचं नेहमीचं वायर-स्वरूप) पहिल्या क्रमांकाच्या स्ट्रिंग फील्डसाठी टॅगचा बाइट १०, लांबीचा बाइट २१, मग २१ बाइट. या सगळ्याच्या आधी जीआरपीसीची पाच बाइटांची चौकट, त्यात कॉम्प्रेशनचा एक आणि लांबीचे चार. बेरीज २८. तिन्हीकडे २८ येणं हा निव्वळ योगायोग आहे, पण धडा चांगला आहे: पॅकेटचा आकार जुळला म्हणून मजकूर जुळला असं समजू नका.

कॉर्बा या जुन्या, ऑब्जेक्टवर आधारलेल्या प्रणालीचा नियम आणखी वेगळा. लांबी बाइटांत, पण शेवटचं शून्य धरून. म्हणजे २२. एक्सडीआर आणि कॉर्बा यांच्यामध्ये पूल बांधताना हा एकचा फरक विसरला, की स्ट्रिंगच्या शेवटी एक अदृश्य शून्य चिकटतं. ते लॉगमध्ये दिसत नाही, पण डेटाबेसमधल्या ‘पुणे’शी तुलना कायम चुकते.

रूपांतर कुणी करायचं

एक्सडीआरने सांगितलं की वायरवर एकच स्वरूप, ज्याने त्याने आपापल्या बाजूने त्यात यावं. डीसीईने उलटं ठरवलं: पाठवणारा आपल्याच स्वरूपात पाठवेल आणि वर लेबल लावेल, घेणाऱ्याला ते वेगळं वाटलं तर तो बदलून घेईल. हे लेबल चार बाइटांचं असतं. पहिल्या बाइटाच्या वरच्या अर्ध्या भागात पूर्णांकांचा क्रम आणि खालच्या अर्ध्यात अक्षरसंच: ० म्हणजे ॲस्की, १ म्हणजे ईबीसीडिक. आजच्या कुठल्याही विंडोज पॅकेटमध्ये तिथे १६ ० ० ० दिसतं: धाकटा बाइट आधी, ॲस्की, आणि आयईईई पद्धतीचे दशांश.

मेख इथेच आहे. लेबलला ॲस्की आणि ईबीसीडिक एवढंच माहीत आहे. १२७ च्या वरच्या बाइटांचा अर्थ त्यात कुठेच नाही. क्लायंटचं कोड पेज (विंडोजचा क्रमांकाने ओळखला जाणारा जुना अक्षरसंच) पश्चिम युरोपीय १२५२ असेल आणि सर्व्हरचं जपानी ९३२, तर दोघंही लेबलवर ‘ॲस्की’च लिहितात, स्टब बाइट जसेच्या तसे नेतो, आणि मजकुराचा भुगा होतो. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालेलं असतं.

यावर डीसीई १.१ मध्ये कोडसेट-टॅगांची, म्हणजे मजकुराचं एन्कोडिंग सांगणाऱ्या खुणांची, सोय आली आणि मायक्रोसॉफ्टच्या मिडल या इंटरफेसवरून स्टब बनवणाऱ्या कंपायलरनेही ती घेतली. कॉलबरोबर तीन टॅग जाऊ शकतात: पाठवताना वापरलेला कोडसेट, उत्तर कुठल्या कोडसेटमध्ये हवं, आणि उत्तर प्रत्यक्षात कुठल्या कोडसेटमध्ये आलं. त्यासोबत प्रत्येक स्थानिक प्रकारासाठी चार रुटीन लागतात: वायरवर किती जागा लागेल, स्थानिक बफरला किती लागेल, वायरच्या रूपात नेणं आणि तिथून परत आणणं. आकार विचारणारं रुटीन तीनपैकी एक निर्णय परत देतं: रूपांतर नको, आहे त्याच बफरमध्ये करा, किंवा नवा बफर घ्या.

या तिसऱ्या निर्णयात खरी गोम आहे. ईबीसीडिक ते ॲस्कीला एका बाइटाचा एक बाइट होतो, त्यामुळे जागच्या जागी बदलता येतं. यूटीएफ-१६ ते यूटीएफ-८ मध्ये तसं चालत नाही. एका सोळा-बिटी घटकाचे जास्तीत जास्त तीन बाइट होतात, म्हणून बफर घटकसंख्येच्या तिप्पट घ्या आणि शेवटच्या शून्यासाठी एक जास्तीचा. दुप्पट घेऊन चालतं असं वाटतं, कारण युरोपीय भाषांत चालतं. देवनागरीत ते पहिल्याच लांबलचक पत्त्याला फुटतं.

कॉर्बाने आधीच बोलून ठरवायचा मार्ग घेतला. सर्व्हर आपल्या ऑब्जेक्टच्या संदर्भातच सांगून ठेवतो: माझा मूळ कोडसेट हा, आणि मला या यादीतून रूपांतर जमतं. क्लायंट ते वाचून ठरवतो. दोघांचा मूळ कोडसेट एकच असेल तर रूपांतर नाहीच. नाहीतर क्लायंटला सर्व्हरच्या कोडसेटमध्ये बदलता येतं का बघायचं. ते नसेल तर सर्व्हरला क्लायंटचा समजतो का. तेही नसेल तर दोघांच्या याद्यांतला एखादा समान कोडसेट. आणि शेवटचा आधार साध्या स्ट्रिंगसाठी यूटीएफ-८ आणि रुंद स्ट्रिंगसाठी यूटीएफ-१६. काहीच जमलं नाही तर कॉल होतच नाही, कोडसेट-विसंगतीची चूक येते. चुकीचा मजकूर पोचण्यापेक्षा न पोचणं बरं, हा त्यातला विचार मला आजही पटतो.

नव्या प्रणालींनी ही चर्चाच मिटवली. प्रोटोबफची स्ट्रिंग यूटीएफ-८च असली पाहिजे, थ्रिफ्ट या दुसऱ्या आरपीसीची तशीच, जेसनच्या मानकातही खुल्या देवाणघेवाणीसाठी यूटीएफ-८ बंधनकारक आहे. वायरवरचा प्रश्न सुटला. तो सरकला तो भाषेच्या आणि लायब्ररीच्या सीमेवर.

यूटीएफ-८ ठरलं तरी काय बिघडतं

पहिली गोष्ट: गोमधल्या सर्व्हरने जुन्या फाइलमधून वाचलेले बाइट स्ट्रिंग फील्डमध्ये भरले, तर कंपायलर काही बोलत नाही. चूक येते ती मार्शल करताना, ‘स्ट्रिंग फील्डमध्ये अवैध यूटीएफ-८’ अशा अर्थाची, आणि जीआरपीसी ती ‘इंटर्नल’ या सबबीखाली क्लायंटला कळवते. क्लायंटवाल्यांना वाटतं नेटवर्क गेलं. ज्या मजकुराचं एन्कोडिंग माहीत नाही तो ‘स्ट्रिंग’ नाही, ‘बाइट्स’ आहे; फील्डचा प्रकार तसाच ठेवा.

दुसरी: जावा आणि जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगमध्ये अर्धा इमोजी राहू शकतो. यूटीएफ-१६ मध्ये साधारणपणे इमोजी दोन घटकांचा असतो, आणि ‘पहिले शंभर घटक’ असं कापताना नेमका मध्ये घाव बसतो. उरलेल्या एकट्या अर्ध्याला यूटीएफ-८ मध्ये जागाच नाही. जावाचं नेहमीचं बाइटांत रूपांतर तिथे गुपचूप प्रश्नचिन्ह टाकतं. ब्राउझरमधला एन्कोडर बदली-चिन्ह टाकतो, काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, बाइट २३९ १९१ १८९. दोन्हीत मूळ गेलं ते गेलं.

तिसरी गोष्ट जावाचीच. जावाच्या सिरियलायझेशनमध्ये, आणि म्हणून आरएमआय या जावाच्या स्वतःच्या आरपीसीमध्ये, एक सुधारित यूटीएफ-८ वापरतात. त्यात शून्य कोड पॉइंट १९२ १२८ असा दोन बाइटांत लिहितात आणि इमोजी चारऐवजी सहा बाइटांत जातो. हे बाइट दुसऱ्या भाषेतल्या काटेकोर डिकोडरला दिले तर तो ते नाकारतो, आणि नाकारायलाच हवेत. शिवाय जावाच्या ‘राइट-यूटीएफ’मध्ये लांबीला फक्त दोन बाइट आहेत, म्हणजे मर्यादा ६५५३५ बाइट. इंग्रजीत ६५ हजार अक्षरं मावतात, देवनागरीत २१८४५ कोड पॉइंट. त्यापुढे एक वाढला की एक्सेप्शन.

चौथी: मजकूर फील्डमध्ये नीट जातो आणि हेडरमध्ये मरतो. जीआरपीसीच्या मेटाडेटामध्ये साधी किंमत ॲस्कीच असावी लागते. वापरकर्त्याचं नाव मराठीत असेल तर किल्लीचं नाव ‘-बिन’ या ठरलेल्या रोमन प्रत्ययाने संपवा. मग लायब्ररी ती किंमत बाइट म्हणून घेते आणि बेस-६४ करून पाठवते. चूक कळवणारा संदेशही हेडरमधूनच जातो, टक्केचिन्हाच्या एन्कोडिंगने: एक बाइट म्हणजे तीन अक्षरं, म्हणजे देवनागरीचा एक कोड पॉइंट म्हणजे नऊ. ‘नमस्कार’चे ६३ होतात. जावाच्या जीआरपीसीत हेडरांची मूळ मर्यादा ८१९२ बाइट आहे. नऊशे-एक कोड पॉइंटांचं मराठी स्पष्टीकरण चूक कळवणाऱ्या संदेशात घातलं की तो संदेशच पोचत नाही. संदेशात कोड पाठवा, मराठी वाक्य क्लायंटकडे ठेवा.

विंडोजवरचं नेमकं काम

विंडोजवर मराठीसाठी जुन्या पद्धतीचं ‘आन्सी’ कोड पेज नाही. मराठी तिथे फक्त युनिकोड. त्यामुळे इंटरफेसमध्ये साधा आठ-बिटी स्ट्रिंग प्रकार ठेवला आणि क्लायंटने सिस्टिमच्या कोड पेजमध्ये रूपांतर केलं, तर १२५२ मध्ये देवनागरीला जागाच नसल्याने प्रत्येक कोड पॉइंटचं प्रश्नचिन्ह होतं. ‘नमस्कार’ची सात प्रश्नचिन्हं. हे पॅकेट बनण्याआधीच घडतं, म्हणून सर्व्हरवर शोधून काही मिळत नाही.

दोन रस्ते आहेत. इंटरफेसमध्ये रुंद अक्षरांचा प्रकार घ्या. दोन्ही बाजू विंडोज असतील तर तोच बरा, रूपांतर लागतच नाही. किंवा बाइटांचा प्रकार घेऊन त्यात यूटीएफ-८ पाठवा आणि लांबी वेगळी द्या. ‘बाइट’ प्रकाराला एनडीआर हात लावत नाही.

यूटीएफ-८ साठी विंडोजचं कोड पेज ६५००१. रूपांतराचं फंक्शन दोनदा बोलवायचं: आधी शून्य आकाराचा बफर देऊन लागणारी जागा विचारायची, मग तेवढा बफर घेऊन खरं रूपांतर. इथे नेहमीचा घोळ असा. इनपुटची लांबी उणे एक दिली, तर शेवटचं शून्य उत्तरात मोजलेलं असतं. नेमकी लांबी दिली, तर शून्य मोजलेलंही नसतं आणि लिहिलेलंही नसतं. एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरी पद्धत वापरली, की कधी मजकुरानंतर कचरा येतो, कधी शेवटचं अक्षर गळतं. आणि ‘अवैध अक्षर आलं तर चूक द्या’ हा फ्लॅग लावायला विसरू नका. तो नसेल तर फंक्शन बदली-चिन्ह घालतं, ‘यशस्वी’ म्हणतं, आणि बिघाड कुणालाच कळत नाही.

लिनक्सवर हेच काम आयकॉन्व्ह हे फंक्शन करतं. तिथे तीन चुका वेगळ्या वाचाव्या लागतात: बफर कमी पडला, बाइट अवैध आहेत, किंवा इनपुटच्या शेवटी अक्षर अर्धवट आहे. शेवटची चूक बहुतेक वेळा चूक नसतेच. डेटा तुकड्यांनी येत असेल तर देवनागरीच्या तीन बाइटांपैकी एक-दोन पुढच्या तुकड्यात असतात. उरलेले बाइट जपून पुढच्या तुकड्याच्या तोंडाशी जोडायचे. न जमणारी अक्षरं वगळण्याचा पर्याय मात्र सर्व्हरवर कधी लावू नका. त्याने हलन्त गळून ‘नमस्कार’चा ‘नमसकार’ होतो आणि नाव म्हणून तेच कायम साठवलं जातं.

बिघडलेल्या मजकुरावरून बिघाड ओळखणं

नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूर अशा कोड पेजमधून गेला आहे ज्यात तो मावत नव्हता. परत मिळणार नाही. पाठवणाऱ्या बाजूला शोधा. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह म्हणजे अवैध बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचले किंवा अक्षर मध्ये कापलं. ते फक्त शेवटी एकच असेल तर जवळजवळ नक्की कापलेलंच. रिकाम्या चौकटी म्हणजे फॉन्ट नाही. मजकुराला काही झालेलं नाही, आरपीसीला दोष देऊ नका.

रोमन ‘ए’वर तिरकी रेघ, पुढे चलनाचं गोल चिन्ह, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर यूटीएफ-८ बाइट १२५२ किंवा लॅटिन-१ म्हणून वाचले आहेत. तेच पुन्हा यूटीएफ-८ करून साठवलं तर ते दुहेरी एन्कोडिंग. लॅटिन-१ च्या वाटेने आपल्या शब्दाचे २१ चे ४२ बाइट होतात. हे उलटवता येतं, पण लॅटिन-१ असेल तरच बिनधोक. १२५२ मध्ये पाच बाइटांना अर्थच दिलेला नाही: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. आणि नेमके याच बाइटांनी संपतात ऱ्हस्व उकार, हलन्त, ए, ऐ, झ आणि ॐ. विंडोजचं फंक्शन हे बाइट तसेच पुढे ढकलतं, पायथन चूक देतो, काही लायब्ऱ्या बदली-चिन्ह घालतात. जुना डेटा दुरुस्त करताना बाकी सगळं सुधारून जोडाक्षरं आणि उकार तेवढे तुटलेले राहिले, तर कारण हे असतं.

यूटीएफ-१६ चे बाइट उलट क्रमाने वाचले तर देवनागरीचं भलतंच काही होतं: ‘न’चं ब्रेल लिपीतलं चिन्ह, ‘क’चं कॅनडातल्या आदिवासी भाषांच्या लिपीतलं अक्षर, ‘स’चं चिनी वळणाचं. एका ओळीत ब्रेल, कॅनडा आणि चीन दिसलं की शंका घ्यायला जागा नाही. आणि यूटीएफ-१६ चुकून आठ-बिटी म्हणून वाचलं तर? इंग्रजी मजकुराचं फक्त पहिलं अक्षर उरतं, कारण दुसरा बाइट शून्य असतो आणि सी तिथे थांबते. देवनागरीत दुसरा बाइट नऊ असतो, आणि नऊ म्हणजे टॅब. म्हणून लॉगमध्ये कंस, टिंब, आकडे आणि मधे रुंद मोकळ्या जागा दिसतात. इंग्रजी तुटतं आणि मराठी पसरतं. दोघांचं मूळ एकच.

बाइट बरोबर, तरी तुलना चुकते

रूपांतर निर्दोष होऊनही सर्व्हर ‘असं नाव नाही’ म्हणतो, याची मराठीतली ठरलेली उदाहरणं आहेत. ‘दुसऱ्या’मधला ऱ एकाच कोड पॉइंटने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता मिळून. हे दोन्ही युनिकोडच्या लेखी समान आहेत. एनएफसी, म्हणजे समान रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची ठरलेली पद्धत, वापरली की एकच रूप मिळतं. पण काही कीबोर्ड तोच अर्धा र साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक मिळून लिहितात. दिसायला तसाच, पण एनएफसी याला हात लावत नाही. ‘ॲप’चंही तसंच: ॲ हा स्वतंत्र कोड पॉइंट २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये आला; त्याआधीचा मजकूर अ आणि चंद्र मिळून लिहिलेला आहे, आणि ही दोन रूपंही एनएफसीने एक होत नाहीत. शोध किंवा तुलना करणाऱ्या सेवेत एनएफसी तर कराच, त्यापुढे या दोन जोड्यांची बदल-तालिका स्वतः लिहावी लागते. हे काम सर्व्हरवर एकाच जागी करा. प्रत्येक क्लायंटवर सोडलं तर मोबाइलवाले करतात आणि वेबवाले विसरतात. मूळ मजकूर मात्र जसा आला तसा ठेवा, बदललेलं रूप फक्त शोधासाठी.

सुरक्षेच्या तपासण्याही रूपांतर झाल्यावर करायच्या, आधी नाही. तिरपी रेघ १९२ १७५ अशा लांबवलेल्या, अवैध यूटीएफ-८ रूपात लपवून २००० साली मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर बाहेरचे फोल्डर उघडता येत होते; तपासणी आधी होत होती आणि डिकोडिंग नंतर. लांबीची मर्यादाही इंटरफेसच्या व्याख्येतच लिहा, पण ती कशात मोजली जाते हे लक्षात ठेवून. एक्सडीआरमध्ये नावाला २५५ ची मर्यादा घातली तर मराठी नावाला मिळतात ८५ कोड पॉइंट.

चाचणीत सगळे करतात ती प्रतिध्वनीची: पाठवलेली स्ट्रिंग परत येते का बघायची. ती फसवते. क्लायंट जाताना आणि येताना एकच चूक करत असेल तर मजकूर बरोबर दिसतो आणि सर्व्हरवर कचरा साठत जातो. त्याऐवजी सर्व्हरकडून मिळालेल्या मजकुराचे कोड पॉइंट आकड्यांच्या यादीत परत मागा आणि ते आधी हाताने लिहून ठेवलेल्या यादीशी ताडा. ‘नमस्कार’, ‘दुसऱ्या’ दोन्ही-तिन्ही रूपांत, ‘ॲप’, एक इमोजी, रिकामी स्ट्रिंग, मधे शून्य असलेली, आणि मर्यादेच्या एक आत व एक बाहेर लांबीची, एवढा संच पुरतो. रिकामी स्ट्रिंग आणि ‘नाहीच’ यांत फरक करायचा असेल तर तो प्रणालीला सांगावा लागतो: एनडीआरमध्ये पॉइंटर ‘युनिक’ करून, प्रोटोबफच्या तिसऱ्या आवृत्तीत फील्ड ‘ऑप्शनल’ करून. एक्सडीआरच्या साध्या स्ट्रिंगला ‘नाहीच’ म्हणता येत नाही.

चालू सेवेतला आठ-बिटी प्रकार रुंद करायचा असेल तर आहे त्याच मेथडचा प्रकार बदलू नका. जुना क्लायंट म्हणेल आठ घटक आणि पाठवेल आठ बाइट. नवा सर्व्हर सोळाची वाट बघेल, बफर संपेल, आणि चूक क्रमांक १७८३ येईल, स्टबला खराब डेटा मिळाल्याची. डीसीईच्या पद्धतीत मेथड क्रमांकाने ओळखल्या जातात, म्हणून नवी मेथड यादीच्या अगदी शेवटी घाला, आवृत्तीचा धाकटा आकडा एकने वाढवा, आणि जुनी मेथड आतून नवीलाच बोलावू दे. जुन्या मेथडमध्ये न मावणारं अक्षर आलं तर प्रश्नचिन्ह न घालता चूक परत द्या. कुठल्या क्लायंटला अजून बदलायचं राहिलंय याची यादी त्या चुकांवरूनच तयार होते.